डॉ. कुशिंग यांचें दप्तर

संस्थेचा इतिहास लिहितांना इमारती, देणग्या व नेमणुका यांच्या तारखा जुळविल्या कीं काम संपलें, असा समज पुष्कळांचा असतो. हार्वर्ड विद्यापीठाशीं संलग्न असलेल्या बोस्टन येथील पीटर बेंट ब्रिगहॅम रुग्णालयांतील मेंदूच्या शस्त्रक्रियेचा इतिहास मात्र मुख्यतः एका दप्तराचा इतिहास आहे.

या दप्तराचें मूळ एका हानींत सांपडतें. डॉ. हार्वे कुशिंग (१८६९–१९३९) बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयांत असतां, १९०२ सालीं त्यांनीं काढलेला पोषग्रंथीचा एक नमुना तपासणीस गेला तो गहाळच झाला. तेव्हां आपल्या शस्त्रक्रियांतील नमुने आपल्याच ताब्यांत ठेवण्याची परवानगी त्यांनीं मिळविली. १९१२ सालीं ते बोस्टनला आले व नव्या ब्रिगहॅम रुग्णालयाचे मुख्य शस्त्रवैद्य झाले. तेथें १९३२ पर्यंत रोग्याची हकीकत, शस्त्रक्रियेचें स्वहस्तें काढलेलें चित्र, छायाचित्र व नमुना हीं एकत्र जपलीं गेलीं. सूक्ष्मदर्शकानें निदान करून यशापयशाची नोंद ठेवण्याचें काम डॉ. लुईझ आयझेनहार्ट या विदुषीनें केलें. १५ एप्रिल १९३१ रोजीं दोन हजारावी अर्बुद-शस्त्रक्रिया झाली. पुढच्याच वर्षीं कुशिंग यांनीं या दोन हजार रोग्यांचा वृत्तांत प्रसिद्ध केला व त्यांत मृत्यूंचें शेंकडा प्रमाणहि दिलें. बखरकार विजय तेवढे सांगतो. दप्तर पराजयहि लपवीत नाहीं.

कुशिंग स्वतः दुर्मिळ ग्रंथांचे मोठे संग्राहक होते. व्हेसेलियसच्या ग्रंथांवर त्यांचें विशेष प्रेम. त्यांचा ग्रंथसंग्रह येल विद्यापीठास मिळाला व १९४१ सालीं तेथील वैद्यकीय ग्रंथालयांत त्यास मानाचें स्थान लाभलें. परंतु त्यांच्यामागून येलला गेलेल्या दप्तराचें दैव निराळें. सुमारें २,२०० रोग्यांच्या हकीकती, कांचपट्ट्यांवरील सहस्रावधि छायाचित्रें व मेंदूंच्या बरण्या हें सर्व पुढें विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या तळघरांत धूळ खात पडलें. अखेर त्याची डागडुजी होऊन २०१० सालीं ग्रंथालयांतच त्यासाठीं स्वतंत्र दालन उघडलें.

छापील ग्रंथास मान व हस्तलिखित टिपणांस तळघर, हा अनुभव आम्हां कागद जमविणारांस नवा नाहीं. ग्रंथाच्या दुसऱ्या प्रती कोठें तरी मिळतात. रोग्याच्या उशाशीं लिहिलेल्या टिपणाची दुसरी प्रत नसते. एक नमुना हरवला म्हणून जें दप्तर उभें राहिलें, तेंच समग्र हरवतां हरवतां वांचलें, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.