बंब, शेगडी आणि आपले डोंगर

भोर आणि वेल्हे म्हटले की इतिहासाची पाने आपोआप तोरणा, राजगड, रोहिडा यांच्याकडे वळतात. ते योग्यच आहे. परंतु गडावर काय किंवा गडाखालच्या घरात काय, दिवस सुरू होई तो विस्तव फुंकून. आणि तो विस्तव राखण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या बायकांकडे होते. चूल, शेगडी, बंब या त्यांच्या साधनांचा इतिहास कोणत्याही बखरीत आलेला नाही. मंडळाच्या वर्धापनदिनाच्या निमित्ताने तो थोडा उजेडात आणावा, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

बर्फाच्या मुलुखांत जुन्या शेगड्यांची हौस मोठी आहे. अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिन या विद्वानाने १७४२ च्या सुमारास कमी लाकडात जास्त ऊब देणारी लोखंडी शेगडी योजिली, आणि पुढे तेथे अशा ओतीव, नक्षीदार शेगड्यांची परंपराच निर्माण झाली. आज त्या शेगड्या गोळा करणारे, घासूनपुसून पुन्हा पेटवणारे हौशी लोक आहेत, त्यांच्या संघटनाही आहेत. हे वाचून वाटते, आपल्याकडे असे काय आहे? भगिनींनो, आपल्याकडेही आहे. फक्त ते माळ्यावर पडले आहे, नाहीतर मोडीत गेले आहे.

आपल्याकडे बर्फ पडत नसला तरी ऊब ही येथली गरजच होती. सह्याद्रीच्या कुशीतल्या या दोन्ही तालुक्यांत (वेल्ह्याला आता राजगड तालुका असे नाव मिळाले आहे) आषाढ-श्रावणात आठ-आठ दिवस सूर्यदर्शन होत नाही. भातलावणी करून चिंब होऊन आलेल्या माणसांना शेकायला विस्तव हवा, बाळाची दुपटी सुकवायला विस्तव हवा, आणि बाळंतिणीच्या बाजेखाली तर शेगडी हवीच. तिच्यावर ओवा-शेपांची धुरी दिली म्हणजे सारे घर त्या वासाने भरून जाई.

या सर्व विस्तवाची आई म्हणजे चूल. मातीची चूल घालणे ही कला होती, आणि ती केवळ बायकांना येत असे. तोंड केवढे ठेवायचे, खूर किती उंच घ्यायचे, याचे माप हातात असे. शेजारी वैल असे. मुख्य चुलीची वाया जाणारी धग आतल्या वाटेने वैलाखाली जाई आणि तिच्यावर भात मुरे, आमटी गरम राही. एका जाळात दोन भांडी, हे शास्त्र आपल्या पणज्यांनी कोणत्याही पुस्तकाशिवाय साधले होते. स्वयंपाक आटोपला की धगधगते निखारे बाहेर ओढून पाणी मारून विझवायचे. तेच कोळसे दुसऱ्या दिवशी शेगडीला. राखेने भांडी घासायची, उरलेली राख परसात. फुकट असे काहीच जात नसे.

शेगडी ही चुलीची धाकटी बहीण. मातीची, लोखंडाची, बादलीला आतून माती लिंपून केलेली, अशा अनेक परी. मध्ये जाळी, खाली राख पडायला आणि वारा शिरायला तोंड. भाताच्या या मुलुखात तुसाचा आणि वखारीतल्या लाकडी भुशाचाही उपयोग होई. भुशाची शेगडी भरणे हे एक कसबच होते. डब्याच्या मधोमध बाटली उभी धरायची, भोवताली भुसा दाबून दाबून बसवायचा, मग बाटली अलगद उपसून घ्यायची. मधले भोक म्हणजे धुराडे. भुसा सैल राहिला तर मध्येच ढासळे. चांगला बसला तर ती शेगडी तासन्‌तास संथ जळत राही.

आणि मग बंब! जुन्या घरांच्या न्हाणीघरातला हा तांब्याचा मानकरी. हा शब्द पोर्तुगिजांच्या ‘बोंबा’वरून आला, असे भाषेचे जाणकार सांगतात. त्याची रचना पाहण्यासारखी आहे. बाहेर पाण्याची गोल टाकी, तिच्या पोटातून वरपर्यंत गेलेला नळा, नळ्याच्या तळाशी जाळी. विस्तव मधोमध आणि पाणी त्याच्या चोहोबाजूंनी. त्यामुळे धग बाहेर न जाता पाण्यातच उतरते. रशियातील चहाचा सामोवार याच तत्त्वावर चालतो. वरून करवंट्या, ढलप्या, काटक्या, कोळसे टाकायचे. एका बाजूने गार पाणी ओतावे आणि दुसऱ्या बाजूच्या तोटीतून कढत पाणी घ्यावे. नियम एकच: पाणी भरल्याशिवाय विस्तव घालायचा नाही, नाहीतर सांधे सुटलेच म्हणून समजा. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळी अशा कामासाठी प्रसिद्ध. तेथल्या कारागिरांचे मठारकाम, म्हणजे हातोडीने ठोकून उठवलेली ती चकाकती ठिपक्यांची नक्षी, आजही ओळखू येते. नरकचतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी बंब चिंचेने घासून लखलखीत करायचा, त्याच्या गळ्यात फुलांची माळ बांधायची, भोवती रांगोळी काढायची. घरातल्या भांड्याला असा मान क्वचितच मिळे.

येथवर सारे गोड झाले. परंतु इतिहास लिहायचा तर जमेबरोबर खर्चाची बाजूही मांडली पाहिजे, आणि ती बाजू आपल्याच डोंगरांवर लिहिलेली आहे.

पुण्यासारख्या शहरातील शेगड्यांना कोळसा लागे, आणि तो पिके सह्याद्रीच्या रानांत. लाकडे रचून, पाला आणि ओली माती लिंपून भट्टी लावायची, आणि ती भडकू नये म्हणून दिवसरात्र राखण करायची. साधारण पाच-सहा किलो लाकूड जावे तेव्हा एक किलो कोळसा हाती येई. या भट्ट्यांवर राबणारी पुष्कळशी कुटुंबे कातकऱ्यांची. उचल घेऊन मुलाबाळांसह महिनोन्‌महिने रानात राहायचे आणि उचल फिटेपर्यंत सुटका नाही, असा तो जाच. पानशेत धरणाच्या निमित्ताने वेल्ह्याच्या अंतर्भागात रस्ते गेले. ज्येष्ठ पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी लिहून ठेवले आहे की, त्या रस्त्यांनी कोळशाचे व्यापारी आत पोहोचले आणि उठवल्या गेलेल्या गावकऱ्यांची झाडे मातीमोलाने तोडली गेली. जे रान राहिले त्यातले पुष्कळसे देवराईच्या रूपाने, देवाच्या धाकाने राहिले. शहरातल्या शेगडीची ऊब मावळच्या डोंगराने अशी आपल्या अंगावरची सावली देऊन पुरवली.

दुसरा खर्च बायकांच्या देहाचा. शेणाचा आणि पालापाचोळ्याचा बराच भाग येथे भाताच्या राबाला लागतो. तेव्हा सरपणासाठी डोंगर चढून जाणे आणि डोईवर मोळी घेऊन उतरणे बाईच्याच वाट्याला आले. वर डोळ्यांत आणि छातीत धूर. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे घरातल्या धुराच्या प्रदूषणाने २०२० साली जगात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले. तिसरी गोष्ट तर सर्वांनी गाठीशी बांधावी अशी आहे. कोळशाच्या विस्तवातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला ना रंग, ना वास. दारेखिडक्या लावलेल्या खोलीत शेगडी ठेवून निजलेली माणसे पुन्हा उठत नाहीत, ती त्यामुळे. जुन्या घरांची कौले आणि फटी धूर बाहेर जाऊ देत. आजच्या बंद खोलीत तो मार्ग नाही. म्हणून हौसेनेसुद्धा तेथे शेगडी किंवा बंब पेटवू नये.

हा खर्च कमी करण्याचे प्रयत्नही झाले. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाच्या कार्यकर्त्यांनी धूर बाहेर नेणारी मगनचूल तयार केली. १९५३ साली हैदराबादच्या एस. पी. राजू यांनी बिनधुराच्या चुलीवर पुस्तिका काढली. सुधारित चुलींचा सरकारी कार्यक्रम १९८३ पासून पुढे जवळजवळ वीस वर्षे चालला. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांनी स्थापन केलेल्या ‘आरती’ या संस्थेने उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याची रीत बसवली आणि त्यासाठी तिला २००२ साली इंग्लंडचा अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. झाड न तोडता कोळसा, ही कल्पना आपल्या डोंगरांना आणखी पन्नास वर्षे आधी मिळती तर! दरम्यान १८९२ साली स्वीडनमध्ये निघालेला प्रायमस स्टोव्ह आपल्याकडेही घरोघरी भुरभुरू लागला होता. १९५५ साली मुंबईत सिलिंडरचा गॅस आला. आणि २०१६ च्या उज्ज्वला योजनेनंतर वाडी-वस्तीवरही लाल टाकी दिसू लागली. तरी टाकी भरण्याइतके पैसे हातात नसले म्हणजे कित्येक घरी चूल पुन्हा पेटते, हेही आपण सर्वजणी जाणतो.

मग या जुन्या वस्तूंचे करायचे काय? पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुनी घरगुती भांडी मानाने मांडलेली आहेत. हॉटेलवाले आणि हौशी मंडळी बंब विकत घेऊन दिवाणखान्यात ठेवतात, कोणी त्यात झाडे लावतात. आपल्याकडे मात्र तांब्याचा भाव पाहून बंब मोडीत जातो. अडीनडीला विकावा लागला तर त्यात कमीपणा नाही. पण तांब्याच्या वजनाबरोबर आठवणही फुकट देऊन टाकू नये.

आपल्या मंडळाने एवढे करावे, असे सुचवावेसे वाटते. येत्या हळदीकुंकवाला सभासदांनी घरातला बंब, शेगडी, फुंकणी, चिमटा जे असेल ते आणून मांडावे. प्रत्येक वस्तूजवळ एक चिठ्ठी असावी: ही कोणी घेतली, कोठून आणली, पहाटे किती वाजता पेटवावी लागे, आणि सरपण कोठून येई. वयस्कर बायांना वैलाची चूल घालून दाखवायला सांगावे. ते कसब आता फार थोड्या हातांत उरले आहे. ज्या वाड्यांवर अजून मोळ्या येतात तेथल्या भगिनींनाही आवर्जून बोलवावे, कारण आपण ज्याला इतिहास म्हणतो तो त्यांचा आजचा दिवस आहे. बंबाचे कौतुक त्यांच्यासमोर करता आले, आणि ते ऐकून त्यांच्या चुलीतला धूर कमी करण्याचे काही काम मंडळाने हाती घेतले, तर ते कौतुक खरे.