लुगडे, लंगोट आणि काचीगुड्याची गाडी

घरात पाळणा हलणार असे कळले, की बरकतपुऱ्यातील जुन्या मराठी घरांत पहिली चौकशी होई ती जुन्या लुगड्यांची. जन्माआधी नवे कापड आणायचे नाही, हा संकेत. त्यामागे अपशकुनाची भीती असली तरी तो सोयीचा होता. कारण नव्या कापडाची खळ तान्ह्याच्या कातडीला सोसत नाही आणि ओलही लवकर टिपली जात नाही. धुवून धुवून मऊ झालेल्या सुती लुगड्यात हे दोष उरत नसत. नऊ वार म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर. काठ-पदर काढला तरी दोन डझन लंगोट सहज निघत. उरलेल्या तुकड्यांची गोधडी होई.

हे लुगडे पुष्कळदा माहेरचे, आणि माहेर मराठवाड्यातले. काचीगुडा स्थानक 1916 साली उभे राहिले. तेथून नांदेड, परभणी, जालना करीत मनमाडला जाणारा लोहमार्ग हाच आपल्या घरांचा माहेररस्ता. 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात गेला, आपण आंध्र प्रदेशात राहिलो. तरी बाळंतविड्याची गाठोडी त्याच रुळांवरून येत राहिली.

डायपरने लंगोट हटवला, असे सर्रास म्हटले जाते. ते अर्धेच खरे. अमेरिकेत 'पॅम्पर्स' 1961 मध्ये आले. आपल्या बाजारात असा माल रुळला तो 1990 नंतर. तोवर घरातली नऊवारी निघून गेली होती, आणि तिच्या जागी आलेली नायलॉनची पाचवारी ओल टिपत नाही. कच्चा माल आधी संपला, बाजार मागाहून आला.

दुसरे कारण पाण्याचे. मुसीच्या 1908 च्या महापुरानंतर उस्मानसागर (1920) आणि हिमायतसागर (1927) बांधले गेले, तेव्हा शहराची वस्ती पाच लाखांच्या आत होती. पुढे वाडे पाडून सदनिका झाल्या, अंगण गेले. रोज वीस लंगोट धुवायचे तर पाणी, ऊन आणि मोकळे हात हवेत. ते हात आजीचे किंवा मोलकरणीचे असत. आपल्या हळव्या आठवणींत त्यांची नोंद क्वचितच होते.

आताच्या सुना रात्री डायपर आणि दिवसा कापडी लंगोट, असा हिशेब आधीच मांडतात. वापरलेला डायपर वेगळा गुंडाळून द्यावा, हे 2016 च्या कचराविषयक नियमांनी सांगितले. लंगोटासाठी मऊ सूत शोधताना मात्र ट्रंकेतून निघते ते बहुधा आजोबांचे एखादे विरलेले धोतर.