जुन्या पदांकडे परतणे : बालगंधर्वांचा उत्तरकाळ आणि रसिकांतील वाद

१. प्रश्नाचे स्वरूप

एखाद्या कलावंताने वा कलासंस्थेने दीर्घकाळ नवनिर्मिती केल्यानंतर वृद्धापकाळी पुन्हा आपल्या आरंभीच्या सामग्रीकडे वळावे, ही घटना कलेच्या इतिहासात विरळ नाही. अशा वेळी रसिकांत दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो की, झरा आटला म्हणून जुने पाणी पुन्हा भरले जात आहे. दुसरा म्हणतो की, प्रवाह आपल्या उगमाला जाऊन मिळाला. पाश्चात्त्य जगातील एक अलीकडचे उदाहरण प्रसिद्ध आहे. ‘रोलिंग स्टोन्स’ या इंग्लिश वाद्यवृंदाने आपले नावच मडी वॉटर्स या निग्रोवंशीय अमेरिकन गायकाच्या एका गीतावरून घेतले होते, आणि १९६४ मधील त्यांच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेतही इतरांच्या जुन्या गीतांचाच भरणा होता. पुढे अर्धशतक स्वतःची गीते गाऊन झाल्यावर २०१६ मध्ये त्यांनी केवळ जुन्या ‘ब्लूज’ गीतांची एक संपूर्ण ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध केली. मुद्रणाचे काम अवघ्या तीन दिवसांत उरकले होते. चाहत्यांत लगेच वाद माजला : ही निष्ठा, की थकवा?

मराठी रंगभूमीला हा वाद अपरिचित नाही. १९३५ नंतर बालगंधर्व रुपेरी पडद्याकडून पुन्हा आपल्या जुन्या संगीत नाटकांकडे वळले, तेव्हा महाराष्ट्रातील रसिकांपुढे हाच प्रश्न उभा राहिला होता. त्या वादातील दोन्ही पक्षांचे म्हणणे तपासून पाहणे आणि त्यातून परंपरा व पुनरावृत्ती यांच्या संबंधाविषयी काही निष्कर्ष काढणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

२. खानदेशची पार्श्वभूमी

नारायण श्रीपाद राजहंस (१८८८–१९६७) यांचे नाव पुणे-मुंबईशी आणि त्यांच्या वैभवाच्या काळाशी जोडले जाते. तथापि त्यांच्या सांगीतिक जीवनाचा आरंभ खानदेशात झाला, हे विसरता येत नाही. शालेय वयात काही काळ ते जळगावी आप्तांकडे राहिले, आणि तेथेच मेहबूबखाँ यांजकडे त्यांना गाण्याचे प्रारंभीचे शिक्षण मिळाले.

तत्कालीन खानदेश हा नाट्यव्यवसायाच्या दृष्टीने आडवाटेचा मुलूख नव्हता. जळगाव हे मुंबई-नागपूर लोहमार्गावरील ठाणे. भुसावळ हे मोठे जंक्शन. धुळे १९०० मध्ये शाखामार्गाने चाळीसगावशी जोडले गेले. १९०६ मध्ये खानदेश जिल्ह्याची पूर्व व पश्चिम अशी विभागणी होऊन जळगाव आणि धुळे ही दोन जिल्ह्यांची मुख्य ठिकाणे झाली. त्यामुळे कचेऱ्या, शाळा आणि वकीलवर्ग यांची वाढ झाली. त्याच्या जोडीला कापसाचा व्यापार होता. शिकलेला श्रोता आणि खेळता पैसा या दोन गोष्टी जेथे एकत्र येतात, तेथे नाटकमंडळ्यांचे मुक्काम पडतात. फिरत्या मंडळीला पडदे, पेट्या, कपडेपट आणि चाळीस-पन्नास माणसांचे बिऱ्हाड हलवावयाचे असे. यास्तव लोहमार्गाच्या काठाकाठानेच संगीत नाटकाचा प्रसार झाला, असे म्हणावयास हरकत नाही.

३. ‘जुने’ म्हणजे काय?

वादाचा विचार करण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ज्या पदांना १९३५ च्या सुमारास ‘जुनी, अस्सल गंधर्व-पदे’ म्हटले जात होते, ती स्वतःच कोणत्या तरी अधिक जुन्या सामग्रीवर उभी होती.

अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये ‘शाकुंतल’ आणि १८८२ मध्ये ‘सौभद्र’ रंगभूमीवर आणले. त्यांतील चाली त्यांनी कीर्तनातील साकी-दिंडीतून, कर्नाटकी पदांतून आणि घरोघरीच्या स्त्रीगीतांतून घेतल्या. ‘मानापमाना’च्या (१९११) वेळी गोविंदराव टेंबे यांनी पूरब अंगाच्या ठुमरी-कजरीचा बाज मराठीत आणला. ‘स्वयंवरा’त (१९१६) भास्करबुवा बखले यांनी ख्यालगायकीतील बंदिशींवर पदे बांधली. चीज घराण्याची, शब्द नाटककाराचे, गळा नटाचा. अशी ही त्रिवेणी होती.

खुद्द बालगंधर्वांच्या कारकिर्दीचा आरंभही जुन्या सामग्रीतच झाला. १९०५ मध्ये किर्लोस्कर मंडळीत त्यांनी प्रथम भूमिका केली ती शकुंतलेची, म्हणजे पंचवीस वर्षांपूर्वीच्या नाटकातील. भाऊराव कोल्हटकर १९०१ मध्ये निवर्तले होते, आणि त्यांची स्मृती श्रोत्यांच्या कानांत ताजी होती. भाऊरावांचा तडफदार, उंच स्वर ज्यांनी ऐकला होता, त्यांनी या नव्या, मधुर व संयत गाण्याची त्याच्याशी तुलना करणे अपरिहार्य होते. तात्पर्य, ज्यांना १९३५ मध्ये ‘मूळ’ म्हटले गेले, ते १९०५ मध्ये ‘नंतरचे’ होते. ‘मूळ’ हा शब्द वापरणाऱ्याच्या वयावर बराचसा अवलंबून असतो.

४. १९३३ ते १९३५ : परिस्थितीतील पालट

१९१३ मध्ये बालगंधर्व, गणेशराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी गंधर्व नाटक मंडळीची स्थापना केली. ‘स्वयंवर’, ‘एकच प्याला’ (१९१९), ‘द्रौपदी’ (१९२०) या नाटकांनी मंडळीचे वैभव शिखरास नेले. साथीला कादरबक्षांची सारंगी आणि अहमदजान थिरकवा यांचा तबला असे. नेपथ्य, वस्त्रे व अत्तरे यांवर सढळ हाताने खर्च होई. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडाच्या साहाय्यार्थ केशवराव भोसले यांच्यासह झालेला संयुक्त ‘मानापमाना’चा प्रयोग हा या कालखंडाचा कळस समजला जातो. परंतु याच सुमारास मंडळीवर मोठे कर्ज झालेले होते. नादारी जाहीर न करता ते फेडण्याचा बालगंधर्वांचा निर्धार त्यांच्या समकालीनांनी गौरविला आहे.

भास्करबुवा १९२२ मध्ये वारले. संगीताची धुरा त्यांचे शिष्य मास्टर कृष्णराव यांच्याकडे आली, आणि ‘कान्होपात्रा’सारख्या (१९३१) नाटकात अभंगाला नवे स्थान मिळाले. परंतु बाहेरचे जग आता वेगाने पालटत होते. १९३१ मध्ये बोलपट आला. १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ मराठीत बोलू लागला. १ जुलै १९३३ रोजी ‘नाट्यमन्वंतर’ संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ सादर केले. त्यात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या, पदे मोजकी ठेवली आणि प्रयोग आटोपशीर केला. हिराबाई बडोदेकर यांनी त्यापूर्वीच, १९२९ मध्ये, स्वतःची नाट्यशाखा काढून संगीत रंगभूमीवर पाऊल ठेवले होते. पुरुषाने स्त्रीभूमिका करावी काय, हा प्रश्न तात्त्विक चर्चेतून निघून प्रत्यक्षाच्या पातळीवर आला.

अशा स्थितीत बालगंधर्व ‘प्रभात’कडे गेले. १९३५ च्या ‘धर्मात्मा’ या चित्रपटात त्यांनी एकनाथांची, म्हणजे पुरुषाची, भूमिका केली. ही भागीदारी त्या एका चित्रपटापुरतीच टिकली. समोर श्रोता नाही, ‘वन्स मोअर’ नाही, तान अर्ध्यावर थांबवून पुन्हा घ्यावयाची, ही पद्धत त्यांच्या पिंडास मानवणारी नव्हती. ते रंगभूमीकडे परतले ते जुन्या नाटकांसह. पुढे, गंधर्व-ढंगाच्या गाण्याबद्दल ख्याती पावलेल्या गोहरबाई कर्नाटकी मंडळीत आल्या, आणि वादाला आणखी एक निमित्त मिळाले.

५. दोन पक्ष

विरोधी पक्षाचे मुद्दे तीन होते. पहिला औचित्याचा. सत्तेचाळीस वर्षांच्या नटाने रुक्मिणी वा सिंधू म्हणून उभे राहावे, हे नव्या प्रेक्षकाच्या डोळ्यांस पटेना. बोलपटाने त्या डोळ्यांस निकटच्या दर्शनाची सवय लावली होती. दुसरा मुद्दा नाट्याचा. एकेक पद पुन्हापुन्हा आळविल्याने कथानक खोळंबते, प्रयोग पहाटेपर्यंत लांबतो आणि देवल-गडकऱ्यांचे नाटक हे गाण्याच्या बैठकीचे निमित्त ठरते. तिसरा मुद्दा व्यवहाराचा : हे परतणे कलेच्या ओढीने नसून गरजेपोटी आहे.

अनुकूल पक्षाचे म्हणणे असे की, आवाजाचे तेज ओसरले असले तरी गाण्याची समज वाढली आहे. तेच पद, तोच राग. परंतु शब्दावर विसावण्याची जागा निराळी, लयीशी चाललेली लपाछपी अधिक सूक्ष्म. पंचवीस वर्षे एकच पद गाणारा गायक तेच पद गात नसतो. त्यांच्या दृष्टीने हे पुनरागमन म्हणजे पुनरुक्ती नव्हती, पुनर्विचार होता.

या दोन्ही पक्षांचे म्हणणे बारकाईने पाहिले असता असे दिसते की, ते एकाच वस्तूविषयी बोलत नव्हते. एक पक्ष नाटक पाहत होता. दुसरा गाणे ऐकत होता. नाटकापुरते बोलावयाचे तर विरोधकांचे म्हणणे बव्हंशी खरे होते. गाण्यापुरते बोलावयाचे तर अनुकूल पक्षाचे म्हणणे नाकारता येत नाही. १८८० पासून संगीत नाटकाने गाणे आणि नाट्य यांची जी सांगड घातली होती, ती याच काळात सैल झाली, आणि रसिकांतील वाद हे त्या सैलपणाचे लक्षण होते. तिसरा मुद्दा मात्र निकालात काढण्याजोगा आहे. फिरत्या मंडळीच्या वैभवकाळातही तिकीटविक्री हाच आधार होता; गरज ही १९१३ मध्येही होती. ज्या कारणाने वैभवकाळाची कला हीन ठरत नाही, त्याच कारणाने उत्तरकाळाची हीन ठरविता येणार नाही.

६. प्रमाणांचा विचार

या वादाचा निर्णय कोणत्या साधनांच्या आधारे करावयाचा? येथे धुळ्याची आठवण होणे स्वाभाविक आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यास निवर्तले. त्यांचे संग्रह जतन करण्यासाठी १९२७ मध्ये तेथे राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले. उत्तरकालीन बखरीपेक्षा समकालीन अस्सल कागद श्रेष्ठ, हा राजवाड्यांचा दंडक महाराष्ट्रातील इतिहासलेखनाच्या अंगवळणी पडला आहे.

तोच दंडक येथे लावला तर ध्वनिमुद्रिका हे अस्सल साधन ठरेल आणि आठवणींची पुस्तके बखरीच्या पंक्तीस बसतील. परंतु हे पूर्णतः योग्य होणार नाही. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन-साडेतीन मिनिटांचेच गाणे मावत असे. रंगभूमीवर अर्धा-अर्धा तास रंगणारे पद तेथे आखडून बसविले जाई. तबकडी स्वराचा पुरावा देते. विस्ताराचा, श्रोत्याशी चाललेल्या संवादाचा देत नाही. उलट पुढील पिढ्यांनी ‘मूळ पद’ म्हणून जे पाठ केले, ते पुष्कळदा तबकडीतील हे संक्षिप्त रूपच होय. अस्सल कागदाचीच अशी प्रत झाली की जिला पुढे कोणी मूळ समजावे, असा हा प्रकार आहे. म्हणून तबकडी, जाहिरात, तिकीटविक्रीचा हिशेब, समकालीन टीका आणि मागाहूनची आठवण ही साधने एकमेकांवर घासून पाहिल्याखेरीज उत्तरकाळाविषयी निवाडा करणे धाडसाचे ठरेल.

७. परिणाम

या पुनरागमनाचा ऐतिहासिक परिणाम दुहेरी झाला. पदे वाचली, नाटके मागे पडली. नाट्यपद हे मैफलीच्या शेवटी गावयाचे, नभोवाणीवर स्वतंत्रपणे ऐकावयाचे गीत झाले. पायांतील बळ गेल्यावर बालगंधर्व स्वतः बैठकीतून भजने गात राहिले, हेही या स्थित्यंतराशी सुसंगतच होय. जयराम व जयमाला शिलेदार यांनी ‘मराठी रंगभूमी’ या संस्थेद्वारा जुनी नाटके संपूर्णपणे करीत राहण्याचा मार्ग धरला. तेथे जुन्या नायिकांची पदे स्त्रियांच्या कंठी स्थिरावली. दुसरा मार्ग जितेंद्र अभिषेकी यांचा. ‘मत्स्यगंधा’ (१९६४) आणि ‘कट्यार काळजात घुसली’ (१९६७) यांत त्यांनी किर्लोस्कर-बखले यांच्या चाली उचलल्या नाहीत. त्यांची रीत उचलली. जुन्या चिजेतून नवे पद घडविणे ही ती रीत होय. २०११ मधील ‘बालगंधर्व’ या चित्रपटाने तिसऱ्या पिढीस हीच पदे पुन्हा ऐकविली. ज्या जळगावी नारायणाने पहिले स्वर लावले, तेथे त्यांच्या नावाचे नाट्यगृह आहे आणि त्यांच्या नावाने संगीत महोत्सवही भरत आला आहे.

८. समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. एक, परंपरेतील कोणतीही कृती निखळ ‘मूळ’ नसते. म्हणून मुळाकडे परतणे म्हणजे नेमके कोणत्या थराकडे परतणे, हे प्रथम सांगितले पाहिजे. दोन, जुन्या सामग्रीचा स्वीकार हा स्वतःमध्ये गुणही नव्हे, दोषही नव्हे. त्या सामग्रीशी कलावंत नवा संबंध जोडतो की नाही, ही खरी कसोटी होय. तीन, रसिकांतील मतभेद हा केवळ अभिरुचीचा कलह समजून सोडून देऊ नये. एखाद्या कलाप्रकाराचे घटक परस्परांपासून विलग होऊ लागले की प्रथम रसिकांत फूट पडते. संस्था त्यानंतर मोडतात. गंधर्व नाटक मंडळीच्या इतिहासात हा क्रम स्पष्ट दिसतो. जळगाव-धुळ्याकडील जुन्या वृत्तपत्रांतील नाट्यविषयक मजकूर आणि जाहिराती यांची वर्षवार छाननी याच दृष्टीने हाती घेण्यासारखी आहे; मोठ्या शहरांतील टीकाकारांचे मत आणि मुक्कामाच्या गावातील प्रेक्षकांचे मत एकच होते काय, याचे उत्तर तीतूनच मिळू शकेल.