दुर्बळ अम्लांचा हिशेब

खंडाळ्याच्या घाटांत श्रावणसरी कोसळत असतां त्या पाण्याहून निर्मळ असें कांहीं जगांत असेल, हें आम्हांस खरें वाटत नाहीं. परंतु रसायनशास्त्राच्या दृष्टीनें तें निव्वळ पाणी नव्हे. खालीं उतरतांना तें हवेंतील थोडा कर्बाम्ल वायु शोषून घेतें आणि अतिसौम्य असें अम्ल बनतें. हें सौम्यत्व अंकांनीं सांगण्याची विद्या दीडशें वर्षांचीही नाहीं, आणि तिचा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

१८६४ सालीं नॉर्वेंतील गुल्डबर्ग व वागे यांनीं रासायनिक समतोलाचा नियम मांडला. पुढें १८८४ सालीं स्वीडनचा तरुण आऱ्हेनिअस यानें उप्साला विद्यापीठास विद्युद्वहनावरील आपला प्रबंध सादर केला; परीक्षकांनीं त्यास अगदीं खालची श्रेणी दिली! मात्र रीगा येथील ओस्टवाल्ड यांनीं त्याचें मोल ओळखिलें व ते स्वतः उप्सालास जाऊन त्यास भेटले. अम्ल पाण्यांत विरघळतांच त्याचे कांहीं रेणु फुटून विद्युद्भारित कण, म्हणजे आयन, होतात, हा सिद्धांत आऱ्हेनिअसनें १८८७ सालीं स्पष्टपणें मांडला. आणि १८८८ सालीं ओस्टवाल्ड यांनीं त्यास समतोलाच्या नियमाची जोड दिली.

त्यांचा हिशेब असा. फुटलेल्या अंशाचा वर्ग करावा, त्यास अम्लाच्या प्रमाणानें गुणावें, आणि न फुटलेल्या अंशानें भागावें. उष्णमान तेंच असेतों ही संख्या बदलत नाहीं. शिरक्यांतील ॲसिटिक अम्लाची ही संख्या एक लक्षांश भागाच्या १.८ पट आहे. लिटरांत दशांश मोल अम्ल असेल तर शेंकडा १.३ रेणु फुटतात. तेंच शंभरपट पातळ केलें तर शेंकडा १२.५. म्हणजे अम्ल जितकें विरळ, तितकें त्याचें विघटन अधिक. गंधकाच्या तेजाबासारख्या प्रबळ अम्लांस मात्र हा नियम लागू पडेना. तें कोडें सोडविण्याचा यत्न १९१८ सालीं आमच्याच देशांतील ज्ञानचंद्र घोष यांनीं केला, व १९२३ सालीं डेबाय आणि ह्युकेल यांनीं त्याची समाधानकारक उपपत्ति दिली.

आतां हाच नियम घाटांतील पावसास लावूं. विरघळलेला वायु इतका अल्प, कीं दुर्बळ असूनही त्याचा शेंकडा सुमारें १५ अंश फुटतो, आणि स्वच्छ पावसाचा सामू ७ न राहतां ५.६ च्या आसपास उतरतो. १८६३ सालीं बोरघाटांतून रेल्वे सुरू झाली. तिच्यासाठीं जो काळा पाषाण सुरुंग लावून फोडावा लागला, त्यास हेंच पाणी युगानुयुगें मुकाट्यानें पोखरीत आहे. पाषाणाची माती होते, त्यांतील चुन्याचा अंश नदीवाटे समुद्रास मिळतो, व त्याबरोबर हवेंतला कर्बाम्ल वायुही अखेर चुनखडींत बंदिस्त होतो.

योगायोग पाहा: हा वायु वाढल्यास पृथ्वीचें उष्णमान किती वाढेल, याचें गणितही आऱ्हेनिअसनेंच १८९६ सालीं केलें. कारखान्यांच्या युगापूर्वीं हवेच्या दहा लक्ष भागांत या वायूचे सुमारें २८० भाग होते. आज ते ४२० च्या वर गेले आहेत. वायु दीडपट झाला, तरी दुर्बळ अम्लाच्या नियमानें पावसाचा अम्लांश वर्गमुळाच्या मानानें, म्हणजे सव्वापटीच्याच आसपास, वाढतो. शिवाय पाषाणाचें काम लक्षावधि वर्षांचें. आम्हीं धूर केला तो अवघ्या दोन-अडीच शतकांत. घाटाचा पाऊस आमचें कर्ज फेडील, पण आमच्या सवडीनें नव्हे. दुर्बळांचें बळ धीरांत असतें; त्या धीरावर उधळेपणा करणाऱ्यानें निदान हिशेब तरी शिकून ठेवावा.