फिल्टरची थोरली पाती, धाकटी पाती

टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात ‘मेन फिल्टर गेलाय’ हे निदान बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. मेकॅनिक बोट दाखवतो तो पॉवर सप्लायमधला जाडजूड, उभा कंडेन्सर: वर प्लॅस्टिकचं वेष्टन, आत ॲल्युमिनियमची डबी. जुन्या रंगीत संचात त्याच बोर्डवर, ट्यूनरच्या शेजारी, पाच पायांची एक चपटी डबीही असायची. तीसुद्धा फिल्टरच. पण तिच्या वाटेला सहसा कुणी जात नसे, कारण ती सहसा बिघडतच नसे. देवास संस्थानात थोरली पाती आणि धाकटी पाती होती, तशा या फिल्टरच्या कुळातल्या दोन पात्या. थोरलीच्या पोटात रसायनशास्त्र, धाकटीच्या पोटात गणित. पाठ्यपुस्तकांत मान धाकटीला मिळाला. संच किती वर्षं चालणार, हे मात्र थोरलीच ठरवत आली आहे.

थोरलीचा मूळ पुरुष कॅरोल पोलाक हा पोलिश अभियंता. ॲल्युमिनियमचा पत्रा योग्य द्रावणात बुडवून वीज सोडली की धातूवर ऑक्साइडचा थर चढतो आणि तो एका दिशेने वीज अडवतो, हे त्याच्या आधीच ठाऊक झालं होतं. अडचण अशी की वीज बंद केली की थर द्रावणात विरायला लागे. बोरॅक्ससारख्या उदासीन किंवा किंचित अल्कधर्मी द्रावणात तो वीज नसतानाही टिकतो, हे पोलाकच्या लक्षात आलं आणि १८९६ मध्ये त्याने ॲल्युमिनियमच्या द्रव कंडेन्सरसाठी पेटंटचा अर्ज केला. हा थर दर व्होल्टमागे सव्वा ते दीड नॅनोमीटर, म्हणजे नुसत्या डोळ्यांना दिसण्याचा प्रश्नच नाही. कंडेन्सरच्या दोन बाजूंमधलं अंतर जितकं कमी, तितका त्यात विद्युतभार जास्त मावतो. म्हणून कागदी कंडेन्सरला जिथे खोकं लागे तिथे याला मुठीएवढी डबी पुरली.

याच पोलाकने १८९५ च्या अखेरीस एसीचा डीसी करणाऱ्या ब्रिज रेक्टिफायरचंही पेटंट घेतलं होतं. दोन वर्षांनी लिओ ग्रेट्झने तोच ब्रिज स्वतंत्रपणे शोधून प्रसिद्ध केला आणि जगात नाव ग्रेट्झचं झालं. कुठल्याही टीव्हीचा पॉवर सप्लाय उघडा: चार डायोडांचा ब्रिज आणि त्याला लागून मेन फिल्टर. दोन्ही कल्पना एकाच माणसाच्या, आणि त्याचं नाव दोहोंपैकी एकालाही नाही!

पोलाकचा कंडेन्सर खऱ्या अर्थाने घराघरांत नेला तो रेडिओने. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात रेडिओ बॅटरी सोडून घरच्या मेन्सवर आला आणि सोबत गुणगुण घेऊन आला. मेन्सचा एसी रेक्टिफायरमधून गेला तरी सपाट होत नाही. ५० हर्ट्झच्या मेन्समधून सेकंदाला १०० उंचवटे निघतात आणि ते जसेच्या तसे स्पीकरपर्यंत पोचतात. उंचवट्याच्या शिखरावर भरून घ्यायचं आणि मधल्या घसरणीत पुरवायचं, हे काम या कंडेन्सरचं. सॅम्युअल रूबेन या अमेरिकन संशोधकाने १९२५ मध्ये पातळ द्रावणाऐवजी जेलसारखं इलेक्ट्रोलाइट वापरून कंडेन्सर घरात आडवा-उभा ठेवण्याजोगा केला. पुढे ॲल्युमिनियमची फॉइल आणि ओलसर कागद एकत्र गुंडाळून डबीत बसवण्याची रीत पक्की झाली. बाजारात याला ‘ड्राय’ म्हणू लागले. आत ओल असतेच, आणि ती आटली की कंडेन्सर संपला.

टीव्हीत हीच गुणगुण डोळ्यांना दिसते. सेकंदाला ५० फील्ड, म्हणजे एकाआड एक रेषांची अर्धी चित्रं, रंगवणाऱ्या पडद्यावर १०० हर्ट्झची लाट आली की दोन आडवे काळपट पट्टे उमटतात. मेन्सची आणि फील्डची गती तंतोतंत जुळली नाही तर ते हळूहळू वर किंवा खाली सरकतात. सरकणारा पट्टा डोळ्याला फार खुपतो, जागच्या जागी उभा असलेला त्या मानाने चालून जातो. म्हणून टीव्हीचे आद्य अभियंते फील्डची गती मेन्सशी जुळवून बसले. बीबीसीने १९३६ मध्ये लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून ४०५ रेषांचं प्रक्षेपण सुरू केलं ते ५० फील्डचं, कारण तिथली वीज ५० हर्ट्झची. अमेरिकेत ६० हर्ट्झ, म्हणून तिथे ६० फील्ड. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शनचं पहिलं चित्र दिसलं तेव्हाही सेकंदाला ५० फील्डच होती. कंडेन्सर कधीच पुरता पुरेसा पडणार नाही, हे मान्य करून जगाने टीव्हीची मानकं ठरवली, असं म्हटलं तर फार वावगं होणार नाही.

धाकटी पाती जन्मली टेलिफोनच्या तारेवर. लांबच्या तारेत आवाज क्षीण होतो, म्हणून ठरावीक अंतरावर कॉइल बसवण्याची युक्ती १९०० च्या आसपास अमेरिकेत आली. एटी अँड टीमधल्या जॉर्ज कॅम्बेलला दिसलं की अशी कॉइलवाली तार एका मर्यादेपुढच्या फ्रिक्वेन्सी अजिबात जाऊ देत नाही. दोष म्हणून समोर आलेल्या या गोष्टीचं त्याने यंत्र केलं: कॉइल आणि कंडेन्सरची शिडी अशी रचायची की हवा तो पट्टा जाईल, नको तो अडेल. त्याचं पेटंट १९१७ चं; जर्मनीत कार्ल विली वाग्नर १९१५ मध्ये स्वतंत्रपणे तिथेच पोचला होता. पुढची पंचवीस वर्षं गणितज्ञांची. एटी अँड टीमधलाच झोबेल, १९३० मध्ये सपाट प्रतिसादाचं सूत्र देणारा बटरवर्थ, आणि जर्मनीचा विल्हेल्म काउअर, ज्याने कमीत कमी घटकांत जास्तीत जास्त तीव्र कापणी करणारा फिल्टर बांधला. १९४५ च्या एप्रिलमध्ये बर्लिन पडत असताना काउअर सोव्हिएत सैनिकांच्या गोळ्यांना बळी पडला. फिल्टर डिझाइनची कोष्टकं वापरणाऱ्या किती विद्यार्थ्यांना हे माहीत असतं, कोण जाणे.

टेलिफोनला हे गणित पुरलं. टीव्हीने मात्र घोळ घातला. कानाला फेजचं फारसं सोयरसुतक नसतं. आवाजातल्या वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सी थोड्या पुढेमागे पोचल्या तरी माणूस कळतो. डोळा असं चालवून घेत नाही. पांढऱ्या भिंतीवरची काळी खिडकी घ्या. तिच्या उभ्या कडेत कमी आणि जास्त, सगळ्या फ्रिक्वेन्सी एकाच क्षणी पोचल्या तरच कड ठसठशीत दिसते. फिल्टरने त्यांतल्या काहींना उशीर लावला की कडेशेजारी दुसरी, तिसरी फिकट कड लहरत राहते. आणि कॉइल-कंडेन्सरच्या नेहमीच्या शिडीत कापणी जितकी तीव्र कराल तितका कापणीजवळच्या फ्रिक्वेन्सींचा उशीर वाढतो. काउअरचा फिल्टर कागदावर सर्वोत्तम. पडद्यावर त्याचं चित्र भुताटकीचं.

त्यात भारतातल्या संचाचं काम आणखी अवघड. चॅनेल ७ मेगाहर्ट्झचा. ट्यूनर ते सगळं खाली आणून ३८.९ मेगाहर्ट्झवर चित्र आणि ३३.४ वर आवाज ठेवतो. फिल्टरने ३८.९ वर सिग्नल नेमका निम्मा करायचा, कारण तिथे प्रक्षेपणात दोन्ही बाजूंचे पट्टे येतात आणि तेवढं झुकतं माप परत घ्यावं लागतं. ३३.४ वर आवाज दहाव्या हिश्श्याच्या खाली दाबायचा, नाहीतर तो चित्रात नाचू लागतो. रंगाची माहिती ३४.४७ च्या आसपास, ती जपायची. आणि ४०.४ वर शेजारच्या चॅनेलचा आवाज, ३१.९ वर दुसऱ्या शेजाऱ्याचं चित्र, ही दोन्ही गाडून टाकायची. जुन्या कृष्णधवल संचात हे सगळं चार-पाच पत्र्याच्या डब्यांतल्या कॉइलींच्या भरवशावर. प्रत्येक डबीत फेराइटचा स्क्रूसारखा गाभा. तो प्लॅस्टिकच्या पेचकसाने पाव आटा फिरवायचा, ऑसिलोस्कोपवर वक्र पाहायचा, मग पुढची कॉइल. एक सुधारली की आधीची बिघडते. शेवटी वर मेणाचा थेंब, म्हणजे कुणी हात लावू नये. लावायचेच! हौशी मालकाने ‘पिक्चर क्लिअर’ करायला लोखंडी पेचकस घातला आणि गाभा फुटला, ही तक्रार मेकॅनिकांना नवी नव्हती.

या जाचातून सुटका झाली ती भूकंपशास्त्राच्या दारातून. घन पदार्थाच्या पृष्ठभागावरून, भूकंपात जमिनीवरून जाते तशी, लाट कशी जाते, हे लॉर्ड रॅलीने १८८५ मध्ये मांडून ठेवलं होतं. १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत व्हाइट आणि व्होल्टमर यांनी स्फटिकावर धातूची, एकमेकांत बोटं गुंतवल्यासारखी दोन कंगव्यांची नक्षी काढली आणि वीज देऊन अशी लाट उठवली. लिथियम नायोबेटच्या तुकड्यावर ती सेकंदाला सुमारे साडेतीन किलोमीटरने पळते; म्हणून ३८.९ मेगाहर्ट्झला तिची लांबी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याहूनही थोडी कमी. दात किती आणि कुठला दात किती लांब, एवढ्यावर सगळा वक्र ठरतो. मोठी गोष्ट ही की इथे कापणी आणि उशीर एकमेकांना बांधलेले नाहीत. नक्षी समतोल ठेवली की कापणी कितीही तीव्र करा, सगळ्या फ्रिक्वेन्सी एकाच वेळी पोचतात. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात हे ‘सॉ फिल्टर’ टीव्हीत शिरले. सिग्नल बराच खातात, म्हणून आधी एक ट्रान्झिस्टर जास्तीचा द्यावा लागे. पण फिरवायला गाभा नाही, सुकायला द्रव नाही. ती पाच पायांची डबी हीच.

आता टिकाऊपणाचा हिशोब. त्याचं शास्त्र अमेरिकी लष्करातून आलं. व्हॉल्व्ह आणि बाकीचे भाग भराभर जाऊन रडार आणि वायरलेस बंद पडत, म्हणून तिथे एक सल्लागार मंडळ नेमलं गेलं आणि १९५७ मध्ये त्याचा अहवाल आला. त्यानंतरच्या लष्करी हस्तपुस्तिकेत प्रत्येक घटकाचा दर दशलक्ष तासांमागे बिघडण्याचा दर दिला होता. सगळे दर बेरजेत घ्यायचे, उलटे करायचे, की संचाचा सरासरी बिघाडकाळ हाती येतो. या आकड्यावर माझा फारसा विश्वास नाही. बिघाडाची शक्यता पहिल्या दिवशी जेवढी तेवढीच दहाव्या वर्षी, असं तो गृहीत धरतो. सॉ फिल्टरच्या बाबतीत ते खपून जाईल. इलेक्ट्रोलाइटिक कंडेन्सर मात्र म्हातारा होतो, त्यामुळे लाख तासांची जाहिरात केलेला संच पाच वर्षांत बसू शकतो आणि तरी कागद खोटा ठरत नाही.

थोरलीचा हिशोब वेगळा करावा लागतो, आणि तो घरबसल्या करता येतो. ढोबळ नियम असा: तापमान १० अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट. डबीवर ‘१०५ अंश’ लिहिलेलं असतं आणि उत्पादक त्या तापमानाला, समजा, २,००० तास देतो. संचात कंडेन्सर ६५ अंशांवर राहिला तर चार वेळा दुप्पट, म्हणजे ३२,००० तास. रोज सहा तास टीव्ही पाहणाऱ्या घरात साडेचौदा वर्षं. त्याच जागी तेवढ्याच तासांचा ८५ अंशांचा कंडेन्सर घातला तर ८,००० तास, पावणेचार वर्षंसुद्धा नाहीत. दिसायला दोघे जुळे भाऊ. किमतीत फरक किरकोळ. शिवाय आयुष्य संपलं म्हणजे फुटला असंही नाही: क्षमता पाचव्या हिश्श्याने घटली किंवा आतला रोध ठरल्यापेक्षा वाढला की उत्पादकाच्या लेखी तो संपला. म्हणून साध्या मीटरवर मायक्रोफॅरड बरोबर दिसत असताना संच सुरू होत नाही. आजच्या स्विचिंग पॉवर सप्लायमध्ये आतला रोध मोजणारं ईएसआर मीटरच खरं बोलतं.

आपल्याकडे व्होल्टेजचाही जाच. २३० व्होल्ट मेन्सचं शिखर ३२५ व्होल्ट, आणि मेन फिल्टर तेवढा भरतो. ग्रामीण फीडरवर रात्री लोड उतरल्यावर २८० झाले तर शिखर ३९६. डबीवर छापलेलं असतं ४००. चार व्होल्टांच्या भरवशावर डिझाइन सोडणाऱ्याला काय म्हणावं?

या शतकाच्या सुरुवातीला तर रसायनच फसलं. पाण्याचं प्रमाण जास्त असलेलं इलेक्ट्रोलाइट वापरून आतला रोध कमी करायची टूम निघाली. पण पाणी ॲल्युमिनियमला खाऊ नये म्हणून जे मिसळावं लागतं ते अनेक तैवानी कारखान्यांच्या मालात नव्हतं. जपानी फॉर्म्युला अर्धवट चोरला गेला, असं तेव्हा छापून आलं. आत हायड्रोजन साचून डब्यांची डोकी फुगली, फुली मारलेल्या खाचा फाटून तपकिरी चिकटा बाहेर आला, आणि मदरबोर्डपासून एलसीडी टीव्हीपर्यंत माल भंगारात गेला.

आता धाकटी पाती देहरूपाने जवळपास उरलेली नाही. नव्या टीव्हीत चॅनेल निवडण्याचं काम चिपच्या आत, आकड्यांच्या गुणाकारांनी होतं. थोरली मात्र एलईडी टीव्हीच्या पॉवर बोर्डवर तशीच उभी आहे. म्हणून सेट-टॉप बॉक्स किंवा टीव्ही ‘डेड’ झाला, बोर्डच बदला असं कुणी सांगितलं, तर आधी झाकण काढून डब्यांची डोकी बघायला सांगा. सपाट असावीत. बदलून घेताना १०५ अंशांचाच मागा आणि मेन फिल्टर ४५० व्होल्टचा बसत असेल तर तोच घाला. पुण्याच्या बुधवार पेठेत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर तो सहज मिळतो. आणि स्वतः हात घालणार असाल तर आधी रोधक लावून तो रिकामा करा: प्लग काढल्यावरही त्यात सव्वातीनशे व्होल्ट बराच वेळ राहू शकतात.