संत्र्याच्या बागेचे दोन शत्रु

नागपूर म्हटलें कीं संत्रें आठवतें. रघूजी भोसले यांनीं अठराव्या शतकांत औरंगाबादेहून संत्र्याचीं रोपें आणून आपल्या बागेंत लावलीं, असें परंपरा सांगते. पुढें हें झाड राजबागेच्या कुंपणाबाहेर पडलें आणि काटोल, नरखेड, वरूड, मोर्शी या भागांतील हजारों कुटुंबांचा संसार त्यावर उभा राहिला. झाड चांगलें फळूं लागण्यास चारपांच वर्षें लागतात. अशी बाग ऐन भरांत पिवळी पडूं लागली, म्हणजे नुसतें पीक बुडत नाहीं. घातलेलीं वर्षेंही बुडतात.

या दुखण्याचा इतिहास नागपुराहून फार दूर सुरू होतो. १८३४ च्या सुमारास अटलांटिक महासागरांतील अझोर बेटांवर संत्रावर्गीय झाडांच्या बुंध्यांची साल कुजून तींतून डिंक वाहूं लागला व झाडें मेलीं. हाच डिंक्या रोग. १८४५ पासून आयर्लंडांतील बटाट्याचें पीक नासून जो भयंकर दुष्काळ पडला, त्याला कारण झालेल्या फायटॉफ्थोरा या बुरशीच्याच कुळांतील जाति डिंक्याच्याही मुळाशीं आहेत, हें मागाहून कळलें. आजचें शास्त्र या कुळाला खऱ्या बुरशींत गणीत नाहीं. बागाईतदार मात्र तिला बुरशीच म्हणतो.

यावर उपाय निघाला तो खुंटाचा. आंबट नारिंगाचें मूळ सहसा कुजत नाहीं. म्हणून त्याच्या रोपावर गोड जातीचा डोळा बांधण्याची रीत देशोदेशीं पसरली. बुरशी हटली, परंतु १९३० नंतर दक्षिण अमेरिकेंत याच खुंटावरील लक्षावधि झाडें वाळूं लागलीं. ब्राझीलच्या लोकांनीं या रोगास ‘त्रिस्तेझा’, म्हणजे खिन्नता, असें नांव दिलें. १९४६ सालीं मेनेघिनी या शास्त्रज्ञानें दाखविलें कीं, मावा हा कीटक हा रोग पसरवितो. रोगाचें कारण विषाणु होय. तो सालींतील अन्नवाहिन्या निकामी करतो व मुळें उपाशीं मरतात. एका शत्रूसाठीं निवडलेला खुंट दुसऱ्याच्या हातीं सांपडला!

नागपूरकडे याच्या उलट घडलें. येथील संत्र्याला खुंट जंभेरीचा. जंभेरी हा विषाणु पुष्कळ सोसते, पण बुरशीपुढें ती दुबळी ठरते. त्यांत विदर्भाची काळी, चिकण जमीन. श्रावणभाद्रपदांत पाणी सांचलें कीं बुरशीचे बीजाणु त्या पाण्यांतून पोहत कोंवळ्या मुळांशीं जातात. १९५८ मध्यें वासुदेव व कपूर यांनीं त्या वेळच्या मुंबई राज्यांतील झाडांच्या ऱ्हासांत विषाणूचाही हात असल्याचें नोंदविलें. एकाच झाडांत दोन्ही शत्रु नांदूं शकतात, आणि वरून दोघांचीं चिन्हें सारखींच: पानें पिवळीं पडतात, फांद्या शेंड्याकडून वाळतात, फळें बारीक राहतात. झाड तहानलें आहे असें समजून शेतकरी पाणी वाढवितो, आणि तें पाणी बुरशीच्याच उपयोगी पडतें.

१९८५ सालीं नागपुरास लिंबूवर्गीय फळांचें राष्ट्रीय संशोधन केंद्र स्थापन झालें. तेव्हांपासून दोन्ही शत्रूंचा एकत्र विचार करण्यावर भर आहे. डोळा घ्यावयाचा तो तपासलेल्या निरोगी झाडाचाच; कलम जमिनीपासून वीतभर उंच बांधावयाचें, म्हणजे ओल्या मातीचा जोडास स्पर्श होत नाहीं; बुंध्यास मोरचूद व चुन्याचें बोर्डो मलम लावावयाचें; पावसाच्या पाण्यास चर काढून वाट द्यावयाची; आणि दुहेरी आळें करून ओलित बुंध्यापासून दूर ठेवावयाचें.

यांतील शेवटचे तीन उपाय उभ्या बागेंतही करतां येतात. पहिल्यास मात्र मागाहून तोड नाहीं. कारण झाडांत शिरलेला विषाणु औषधानें निघत नाहीं. म्हणून रोपवाटिकेंत चार पैसे वांचविण्यासाठीं घेतलेलें अनोळखी कलम बागाईतदारास पुढें फार महाग पडतें.