बंदर उरले नावात

जिंतूरच्या माणसाला बंदर हा शब्द परका वाटला तर नवल नाही. आमच्या तालुक्यातून पूर्णा वाहते, येलदरीला तिच्यावर धरण आहे. पण तिच्या काठी धक्का नाही, गोदी नाही, आणि समुद्र तर शेकडो मैल दूर. तरीही मुंबईच्या पूर्व किनाऱ्याचा इतिहास आम्हांस दुसऱ्याचा वाटत नाही. १९०० साली हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वे मनमाडपर्यंत पोचली, आणि परभणीकडच्या काळ्या मातीतील कापसाला मुंबईची वाट मोकळी झाली. त्या वाटेचे शेवटचे टोक म्हणजे गोदी.

हा किनारा वाचण्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे त्याची नावे वाचणे. 'बंदर' हा फारसी शब्द मराठीने केव्हाच आपलासा केला. बोरीबंदर, मस्जिद बंदर, कर्नाक बंदर ही नावे उच्चारणाऱ्या किती जणांना तेथे पाणी आठवते? १६ एप्रिल १८५३ रोजी ज्या बोरीबंदराहून पहिली आगगाडी ठाण्यास निघाली, तेथून समुद्र भरावांमुळे मागे हटला. बंदर गेले, नाव राहिले. इंग्रजांचे 'अपोलो' हे मूळच्या 'पालव' या देशी शब्दाचे रूपांतर असल्याचे मानले जाते. म्हणजे ग्रीक देवाच्या मुखवट्याआड एक मराठी शब्द दडलेला आहे!

गोदीपूर्व मुंबई पाहावयाची तर गोविंद नारायण माडगांवकरांच्या 'मुंबईचे वर्णन' (१८६३) या ग्रंथाकडे वळावे लागते. तो प्रसिद्ध झाला तेव्हा अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) इंग्लंडच्या गिरण्यांना तेथला कापूस मिळेनासा झाला होता आणि मुंबईत पैशाचा पूर आला होता. जहाजबांधणीची परंपरा मात्र त्याहून जुनी. १७३६ साली सुरतेहून आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया यांच्या घराण्याने येथे सागवानी जहाजे बांधली. त्यांतील 'कॉर्नवॉलिस'वर १८४२ मध्ये नानकिंगचा तह झाला. १८१७ चे 'ट्रिंकोमाली' इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही जतन केलेले आहे.

पोर्ट ट्रस्टची स्थापना १८७३ ची. त्यानंतर १८७५ मध्ये ससून गोदी, १८८० मध्ये प्रिन्सेस, १८८८ मध्ये व्हिक्टोरिया, १९१४ मध्ये अलेक्झांड्रा अशा गोद्या उभ्या राहिल्या. नावे पाहा : युवराज, राणी, सावकार. याला ठळक अपवाद भाऊच्या धक्क्याचा. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य यांना लोक 'भाऊ' म्हणत, आणि सरकारी कागदावर नव्हे तर लोकांच्या तोंडी ते नाव टिकले. पण डोक्यावरून, पाठीवरून गाठी वाहणाऱ्या हमालाचे नाव कोणत्याही धक्क्याला नाही.

१४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' या जहाजाचा स्फोट झाला. त्यात सुमारे १,४०० टन स्फोटके होती, आणि जोडीला कापसाच्या गाठी. आग प्रथम त्या कापसात लागली. शेकडो माणसे दगावली. अग्निशमन दलाच्या ६६ जवानांचे बलिदान देश दरवर्षी त्याच तारखेला स्मरतो. तेथे मेलेल्या कामगारांची नावे मात्र सामान्य वाचकाला ठाऊक नाहीत.

आज प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया या गोद्या भराव टाकून बुजविल्या गेल्या आहेत. ससून गोदीत कापूस नाही, मासळी उतरते. पूर्वी कुलाब्यास असलेला कापसाचा बाजार शिवडीस गेला, त्याची खूण 'कॉटन ग्रीन' या स्थानकाच्या नावात उरली. आता या किनाऱ्याच्या पुनर्विकासाच्या योजना आखल्या जात आहेत. त्यांत दगडी भिंती वाचतीलही. नावे वाचतील याची हमी कोण देणार?

साहित्याच्या अभ्यासकांचे काम येथे सुरू होते. गिरणगावाला मराठी कवितेत आणि कथेत हक्काची जागा मिळाली. गोदीला तितकी मिळाली नाही असे आम्हांस वाटते. गिरणी ही कापसाच्या प्रवासातील एक पायरी, गोदी ही दुसरी, आणि पहिली पायरी आमच्या शेतात. या तिन्ही पायऱ्या एकाच गोष्टीच्या आहेत, हे ध्यानात घेऊन जो लिहील, त्याच्या लेखनात जिंतूर आणि मुंबई प्रथमच एका ओळीत येतील.